इंदूकाकूंचा पोकळचा डाव

लग्न होऊन मी बोरी बुद्रुकला आले त्याला महिनाही झाला नव्हता. अमावास्येची दुपार होती. सासूबाई म्हणाल्या, "शेजारी इंदूकडं जा. आळीतल्या साऱ्या बायका बसत्यात तिथं. वळख तरी व्हईल." मी डोक्यावरचा पदर सावरत गेले. ओसरीवर सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. सगळ्या चटईवर, आणि त्या गोलात एक पाट, तोही रिकामा. नव्या सुनेसाठीच ठेवला असेल असं समजून मी त्यावर टेकायला वाकले, तोच हौसाबाई नावाची एक ठसठशीत बाई ओरडली, "अगं, तिथं नगं!"

इंदूकाकू ओरडल्या नाहीत. त्या पत्ते पिसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिकडं माझ्याशेजारी बस. ती ह्यांची जागा हाय."

मला वाटलं, काका बाहेर कुठे गेले असतील, येतीलच. पत्ते वाटले गेले. प्रत्येकीला दोन, आणि पाटावरही दोन, पालथे. पाटापुढे चिंचोक्यांचा ढीग होता, आमच्यापुढे होता तसाच. पाटाची पाळी आली की काकू त्यावरची दोन पानं न बघता उचलायच्या आणि टाकून दिलेल्या पानांत सरकवायच्या. पाटावर बिलाइंडची, म्हणजे पानं न बघताच चिंचोके लावायची, पाळी आली की त्या ढिगातले चिंचोके मोजून मधे ढकलायच्या. दुपार सरली, चहा झाला. काका आले नाहीत, आणि ते कधी येणार असं कुणी विचारलंही नाही. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या निवडत असलेल्या तांदळात बघत म्हणाल्या, "तो जहाजावनं नाहीसा झालाय. दोन वर्सं झाली."

इंदूकाकूंचे यजमान सदाशिवकाका मालवाहू जहाजावर इंजिनाकडे कामाला होते. वर्षातून एकदा घरी यायचे. त्यांच्या पैशातूनच काकूंची पिठाची गिरणी उभी राहिली होती. एका पावसाळ्यात पाय मोडून ते घरी पडले असताना त्यांनी आळीतल्या बायकांना जहाजावरचा पत्त्यांचा खेळ शिकवला. नाव त्याचं पोकर. बायकांनी त्याचं 'पोकळ' करून टाकलं. प्रत्येकीला हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच. आधी तीन उघडायची, मग एक, मग एक. आपली आणि मधली मिळून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. सुरुवातीला सगळ्यांकडे सारखे चिंचोके. ज्याचे संपले तो उठला. असं करत शेवटी एकच उरायचा. पत्ते बघण्याआधीच दोघांना पाळीपाळीनं काही चिंचोके मधे टाकावे लागत, एक धाकटं बिलाइंड आणि दुसरं त्याच्या दुप्पट, थोरलं. एक उदबत्ती जळून संपली की दोन्ही दुप्पट व्हायची. ओसरीच्या कोनाड्यात उदबत्ती लावूनच डाव सुरू व्हायचा. त्यामुळे खेळ आहे की पूजा, असा मला पहिल्या दिवशी प्रश्न पडला होता.

रिकाम्या जागेला पानं वाटायची, हाही काकांचाच नियम. जहाजावर एखादा गडी कामाच्या पाळीवर गेला तर त्याच्यासाठी डाव थांबत नसे. त्याची पानं वाटली जात, टाकली जात, बिलाइंड तेवढं जात राही. मात्र बिलाइंडमध्ये त्याचा शेवटचा चिंचोका गेला तर त्याची पानं कुणी टाकायची नाहीत, ती शेवटी उघडायची. "ज्यानं समदं मधी ठेवलं, त्याची पानं मारायची न्हाईत," हे काकांचं वाक्य बायका अजून म्हणायच्या.

मग एके दिवशी सरपंचांच्या घरच्या फोनवर निरोप आला. सकाळच्या हजेरीला सदाशिव जहाजावर नव्हता. समुद्र शोधला, समुद्रातही नव्हता. बस, एवढंच. देह नाही, कपडा नाही. काकूंनी कुंकू पुसलं नाही. पुढच्या अमावास्येला गिरणी बंद ठेवली, कारण ती दर अमावास्येला बंदच असायची, आणि ओसरीवर पाट मांडून पत्ते काढले. हौसाबाई सांगायच्या, "आमी समद्या दारात हुभ्या ऱ्हायलो. आत जायाला धजना कुणी. तर ही म्हणती, पाळीवर गेलेत ते. बसा."

काकू दिसायला उंच, सडसडीत. दिवसभर गिरणीत, म्हणून पापण्यांवर कायम पिठाची बारीक कड. संध्याकाळच्या उन्हात त्या गल्लीतून यायला लागल्या की लहान पोरं गप्प व्हायची. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली होती, ती घरी आल्यावरही सुटत नसे. फक्त पत्ते खेळताना आवाज एकदम खाली यायचा. त्यांच्या खेळण्यात धांदल नव्हती. एखादी बाई 'बघू का टाकू, बघू का टाकू' करत बसली की म्हणायच्या, "बघायचं आसंल तर पदर खोचून बघ. न्हाईतर टाक न् चुलीवर च्या ठिव."

माझा पहिला मोठा पराभव मला चांगला आठवतो. माझ्या हातात दोन इस्पिक, मधल्या चार पानांत दोन इस्पिक. आणखी एक आलं की पाच एका रंगाची, म्हणजे कलर. हौसाबाईंनी सगळा ढीग पुढे सारला. मी हुरळून "बघते" म्हणाले आणि माझं होतं नव्हतं ते सगळं मधे टाकलं. शेवटचं पान चौकटचं आलं. मी उठले.

काकूंनी मला चहाच्या निमित्तानं आत नेलं. "येईल म्हणून बसलीस?"

"एकच तर पान हवं होतं, काकू."

"येनारं पान तुला सांगून गेलं व्हतं का काय? पान येतंय गं. कुनासाठी येतंय ते त्याला ठाऊक." मग गाळणी धरता धरता त्यांनी मला काकांकडून शिकलेलं गणित समजावलं. तीन पानं उघडल्यावर कलरला एक पान कमी असेल, तर तीन वेळा बसलं की साधारण एकदा ते येतं. शेवटचं एकच पान राहिलं असेल तर त्याहून निम्मी आशा. "म्हून आधी बघायचं, मधी किती हाय आन आपल्याला किती घालावं लागतंय. थोडं घालून लई मिळनार आसंल तर बसायचं. लई घालून थोडं मिळनार आसंल तर उठायचं. मनाला काय वाटतंय ते इचारायचंच न्हाई. मन सारकंच म्हनतंय, येनार, येनार."

हे म्हणताना त्यांनी ओसरीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

वर्षं गेली. मी अंगणवाडीत कामाला लागले. उसाचं रान वाढत वाढत घरांच्या परसापर्यंत आलं आणि उसात बिबटे राहायला आले. बायका दिवस मावळायच्या आत घरी परतू लागल्या, अमावास्येचा डावही दुपारची जेवणं उरकली की लगेच सुरू व्हायला लागला. रिकाम्या पाटापुढचे चिंचोके सांभाळायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, कारण मी त्याच्या उजव्या हाताला बसायचे. पाटाचा डाव कधी फार टिकला नाही. तिसरी उदबत्ती लागेपर्यंत त्याचे चिंचोके बिलाइंडमध्ये जाऊन संपायचे, शेवटची पानं उघडली तर काहीतरी फुटकळ निघायचं, आणि काकू पाट उचलून भिंतीला उभा करून ठेवायच्या. सगळ्यांत आधी उठायचा तो पाटच.

काकूंच्या धाकट्या दिराला, विष्णूभाऊजींना, हे सगळं सोसत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. काकूंच्या रानाची मशागत तोच करायचा. पण त्याची म्हातारी आई अंथरुणावर होती आणि रोज विचारायची, "सदाचं केलं का रं?" बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या काड्यांचा आणि दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बारा वर्षं भरली तेव्हा विष्णूभाऊजी काकूंच्या पायरीवर येऊन बसले. मी तिथेच होते.

"वयनी, आता न्हाई म्हनू नका. घरात सुतक बी न्हाई आन सुटका बी न्हाई. आय सुखानं जाईल तरी."

"आन ते आले म्हंजी?"

"आले तर आनंदच हाय की. पर वयनी..."

काकूंनी बराच वेळ हातातला पिठाचा डबा बोटांनी पुसला. "उद्या दिव्याची आवस. डाव बसनार हाय. ह्यांची जागा माझ्याआधी उठली तर तारीख काढा. मी आधी उठले तर पुन्यांदा हा इषय न्हाई काढायचा. हाय कबूल?"

विष्णूभाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. पाट सगळ्यांत आधी उठतो हे अख्ख्या आळीला माहीत होतं. ते म्हणाले, "कबूल. पर तुमी मुद्दाम हाराल."

"ह्या पत्त्यांत मी खोटं खेळनार न्हाई," काकू म्हणाल्या. "इतकी वर्सं खेळले न्हाई."

दिव्यांच्या अवसेला सकाळी नदीकाठच्या दरडीतून निघणारी, भांडी घासायची पांढरी राख आणून आम्ही दिवे घासले. दुपारी आभाळ इतकं भरून आलं की ओसरीवर पानांचे रंग ओळखू येईनात. वीज गेलेली. मग काकूंनी घासलेले दिवेच आणून लावले, समया, निरांजनं, कंदील, जे होतं ते. भरदुपारी इतके दिवे मी कधी पाहिले नव्हते. विष्णूभाऊजी खांबाला टेकून बसले. हौसाबाई नेहमीसारख्या बडबडत होत्या, पण पाटाकडे पाठ होईल अशा तिरक्या बसल्या होत्या.

तिसऱ्या उदबत्तीला पाटाचे शेवटचे चिंचोके बिलाइंडमध्ये गेले. नियमाप्रमाणे मी पानं उघडली. दोन दश्श्या. मधे काही भारी आलं नाही. पाट जिंकला. दोघीतिघी हसल्या. "दादा आज खेळायच्या इचारात हायेत," हौसाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं, या वेळी शेवटचं पान येऊन त्याचे तीन राजे झाले. आता कुणी हसलं नाही. मधेमधे पाटावर बिलाइंड यायचं, आणि इतक्या बायकांत कुणाच्याच हातात बरी पानं नसायची. एकामागून एक सगळ्या 'टाकलं' म्हणायच्या आणि मधले चिंचोके मी पाटापुढे ओढायचे. एक बाई उठली, दुसरी उठली, मी उठले, हौसाबाई उठल्या. उठलेल्या बायका घरी गेल्या नाहीत. भिंतीला लागून बसून राहिल्या.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नाही. कोनाड्यातल्या उदबत्तीचा धूर दमट हवेत वर न जाता सरळ रेघेसारखा खाली ओसरीवर उतरत होता. वारा पडला होता. तो धूर पाटापाशी यायचा आणि तिथे दोन बाजूंना फुटायचा, माणसाच्या खांद्यांवरून फुटावा तसा. माझं लक्ष गेलं, मग मी तिकडे बघायचं टाळलं. नंतर कळलं की हौसाबाईंनीही पाहिलं होतं.

शेवटी उरल्या काकू आणि पाट. दोन्हीकडे एकेक ओंजळ चिंचोके. नवी उदबत्ती लागली आणि थोरलं बिलाइंडच ओंजळभर झालं. पाळी पाटाची होती, त्यामुळे मी पाटाची सगळी ओंजळ मधे ठेवली. काकूंचं धाकटं बिलाइंड म्हणजे अर्धी ओंजळ, तीही मधे गेली. मी दोन-दोन पानं वाटली. मधली तीन उघडली. बदाम तिर्री, किलवर राजा, बदाम नव्वी. आमच्या आळीच्या रीतीप्रमाणे बोलायचं ते तीन पानं उघडल्यावर. पाट बोलणार नव्हता, त्याचं सगळं मधे होतं. बोलायचं होतं काकूंनी.

त्यांनी आपली पानं उचलून पाहिली. मी त्यांच्या शेजारीच होते, मला दिसली. बदाम राणी आणि बदाम सत्ती. हातात दोन बदाम, मधे दोन. एक पान कमी.

टाकली असती तर अर्धी ओंजळ उरली असती आणि डाव पुढे चालला असता. बघायचं तर उरलंसुरलं सगळं मधे. पाचवा बदाम आला तर पाट उठणार, उद्या गुरुजींना बोलावणं जाणार आणि काकूंच्या कपाळाचं कुंकू जाणार. नाही आला आणि पाटाची पानं भारी निघाली तर काकू उठणार, आणि काका हयात. दहा वर्षांत त्या इतका वेळ एका डावावर थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. अंगठ्यानं पानाची कड घासत होत्या. मला वाटलं, आता 'टाकलं' म्हणतील. म्हणाव्यात असं वाटत होतं.

"वयनी," विष्णूभाऊजी हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपुन दुसरं कायतरी ठरवू."

"गप बसा, भाऊजी." मग माझ्याकडे न बघता, गिरणीतली बाई नव्हे तर शाळेतली मुलगी उत्तर सांगते तशा आवाजात त्या म्हणाल्या, "मधी तीन वाटे हायेत, मला एक घालायचाय. ह्यांनी शिकीवल्यापरमानं बघायलाच पायजे." आणि उरलेले चिंचोके त्यांनी दोन्ही हातांनी पुढे सारले. "बघते."

त्यांनी आपली पानं उघडी केली. भिंतीकडच्या बायका पुढे सरकल्या. चौथं पान मी उलटलं, इस्पिक दश्शी. मग पाचवं. बदाम दुर्री.

"आलं!" हौसाबाई ओरडल्या, आणि लगेच तोंडावर पदर घेतला, कारण आलं म्हणजे काय झालं हे त्यांच्या ध्यानात आलं. विष्णूभाऊजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. काकूंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या पाटाकडे बघत होत्या.

"ह्यांची उघड, सुमन."

"आता कशाला, काकू? तुमचा कलर झालाय."

"समदं मधी ठेवलंय त्यांनी. उघड."

मी पाटावरची दोन पानं उचलली. ती सर्द लागली. पावसाळ्यात पत्ते सर्द होतातच. पण त्याच गड्डीतली बाकीची पानं मी दुपारभर हाताळत होते आणि ती कोरडी होती. मी ती उलटी करून ठेवली. बदाम पंजी. बदाम एक्का.

ज्या पानानं काकूंचा कलर झाला, त्याच पानानं त्याचाही झाला होता, आणि एक्क्यापुढे राणी चालत नाही.

एक समई तडतडली. बाहेर ओसरीच्या कडेला पडलेलं कुत्रं उठून गेलं. विष्णूभाऊजी उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "वयनी, तुमी उठल्या. दादाची जागा ऱ्हायली. इषय संपला. मी आयला सांगतो, पुन्यांदा त्वांडातनं काढनार न्हाई."

काकूंनी मान हलवली. मला वाटलं होकार. त्यांनी हात लांब करून एक्का उचलला, थोडा वेळ तळहातावर धरला आणि परत पाटावर ठेवला.

"तारीख काढा, भाऊजी."

"आं? आवो पर तुमी हारल्या. ठरलं व्हतं..."

"जित्ता मानूस बायकांच्यात पत्ते खेळाया येत न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली होता. "आळेफाट्याला यष्टीतनं उतरतो. पिशवी घिऊन घरी येतो. च्या माग‌तो. इतकी वर्सं पाट रिकामा व्हता, म्हून मी थांबले व्हते. आज रिकामा न्हवता."

मग पहिल्यांदा त्या रडल्या. हौसाबाईंनी त्यांना जवळ घेतलं. आम्ही बाकीच्या दिवे विझवायचं सोडून तशाच बसून राहिलो.

श्रावण सरायच्या आत कुकडी नदीच्या काठावर विधी झाला. विष्णूभाऊजींनी अग्नी दिला. काड्यांचा तो माणूस भराभरा जळाला. काकू लांब उभ्या होत्या. पुढच्याच महिन्यात म्हातारी सासू झोपेत गेली.

काकू पुढे चार-पाच वर्षं जगल्या. गिरणी त्यांनी विष्णूभाऊजींच्या मुलाला दिली आणि पारगावला भावाकडे राहायला गेल्या. तिथेच साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांची भावजय म्हणाली, "लई शांत बाई. कुनाला तरास न्हाई." आम्हाला ठाऊक असलेल्या इंदूकाकूंचं हे वर्णन ऐकून मला हसूच आलं. पत्ते त्या तिकडे खेळल्या का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

पण त्यांची आठवण निघाली की मला विधीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. ऊन पायरीवरून ओसरीवर चढलं तरी काकूंचं दार उघडलं नव्हतं. रोज कोंबड्याआधी उठणारी बाई. मी कडी वाजवली, हाका मारल्या. आतून चाहूल नाही. धावत जाऊन विष्णूभाऊजींना आणलं. ते दाराला खांदा लावणार एवढ्यात कडी निघाली. काकू दारात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, गालावर गोधडीचे वळ उमटलेले, कपाळ मोकळं. आमच्या दोघांच्या घाबरलेल्या चेहऱ्यांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं, उन्हानं डोळे बारीक केले आणि म्हणाल्या,

"अगं बया, किती वाजले? मला मेलीला झोपच लागली."